श्री चार कमी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इचलकरंजीला राहते आणि घरातूनच अक्षरांची तोरणं करून भाड्याने देते. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर एकेक अक्षर रंगवायचं, वर दोन भोकं पाडायची आणि दोरीत ओवायचं. बारसं, वाढदिवस, सत्कार, नवऱ्या मुलाचं स्वागत, सगळीकडे जातात. मिस्टरांच्या कारखान्यात सुताचे कोन ज्या खोक्यांतून येतात त्यांचाच पुठ्ठा वापरते. आता साधारण ४०० कार्डं झाली आहेत. फोनवर ऑर्डर आली की डबे उपसून बघावं लागायचं, म्हणून डिप्लोमा करणाऱ्या भाच्याने पायथनमध्ये प्रोग्राम लिहून दिला. एका ओळीत माझ्याकडची सगळी अक्षरं, दुसऱ्या ओळीत गिऱ्हाइकाचा मजकूर. मजकुरातली सगळी अक्षरं डब्यात असली की 'हो', नाहीतर 'नाही'. पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. 'ममता'ला हो म्हणाला, म एकच निघाला. 'जयश्री'ला हो म्हणाला, आणि ज चं कार्ड तर मागच्या बारशात फाटलं होतं, यादीतूनही काढलं होतं. एका वकीलबाईंच्या सत्काराला 'ॲड.' हवं होतं, ते कार्ड माझ्या हातात असताना प्रोग्राम नाही म्हणत होता. आणि दोन शब्द एकत्र दिले की हमखास नाही. भाचा म्हणतो लॉजिक बरोबर आहे. मग चुकतं कुठे?

उत्तर : भाच्याला रागावू नका. त्याने जे विचारलं त्याचं उत्तर यंत्राने बरोबर दिलं आहे. विचारायचं होतं वेगळं.

माझे वडील मिरजेला एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे जुळवून मजकूर लावायचे ते दिवस. लाकडी केसमध्ये खण, खणात खिळे. जे अक्षर जास्त लागतं त्याचा खण मोठा, कमी लागतं त्याचा बोटभर. शाळा सुटली की मी तिथेच, छापून झालेला मजकूर मोडून खिळे आपापल्या खणात परत टाकायचं काम माझ्याकडे. शंभर खिळ्यांना किती पैसे मिळत ते विसरले, पण चुकीच्या खणात पडलेल्या एका खिळ्याला काय मिळे ते पाठीला अजून आठवतं.

लग्नसराईत पत्रिका यायच्या. पत्रिकेचा मजकूर हातात आला की वडील स्टिक, म्हणजे खिळे जुळवायची पट्टी, उचलायच्या आधी तो एकदा नुसता वाचत, बोटं मोडत. मला वाटे शुद्धलेखन बघताहेत. ते 'श्री' मोजत असत. श्री हा आमच्याकडे अख्खा एक खिळा होता आणि पत्रिकेच्या साइजमध्ये ते दहाच होते. आता तुम्ही पत्रिका डोळ्यांसमोर आणा. वर श्री गजानन प्रसन्न, मग कुलदैवत, मग वराचे वडील, वधूचे वडील, आजोबा, मामा, खाली निमंत्रकांची रांग. चौदा कधी होतात कळत नाही. वडील मालकांना सांगत, "श्री चार कमी." मग मालक यजमानांशी गोड बोलून निमंत्रकांपैकी चौघांना श्री ऐवजी 'रा. रा.' करून टाकत. ज्यांना रा. रा. लागे त्यांना वाटे आपला मान वाढला.

तुमच्या भाच्याचा प्रोग्राम बघतो तो एवढंच, की मजकुरातलं प्रत्येक अक्षर डब्याच्या ओळीत कुठेतरी सापडतं का. ही हजेरी झाली. 'ममता'त म दोनदा आला तर तो दोनदा जाऊन बघतो, दोन्ही वेळा त्याला तोच म दिसतो आणि दोन्ही वेळा तो खूश होतो. वापरलेला म उचलून बाजूला ठेवायचं त्याला कुणी सांगितलेलंच नाही. म्हणून हजेरीऐवजी मोजणी हवी. डब्यातल्या प्रत्येक कार्डापुढे आकडा : म १, ता ३, श्री २. मजकूर वाचताना लागेल त्या कार्डाच्या आकड्यातून एक वजा करायचा. आकडा शून्याखाली गेला की कार्ड कमी. पायथनमध्ये यासाठी काउंटर नावाची तयार वस्तू आहे, भाच्याला ठाऊक असेल. आणि त्याला सांगा, नुसतं 'नाही' छापू नकोस, काय आणि किती कमी ते छाप. 'म १ कमी' असं दिसलं तर तुम्ही रात्रीत एक म रंगवाल. नुसतं 'नाही' दिसलं तर गिऱ्हाईक परत पाठवाल.

ही एक दुरुस्ती झाली. खरी मजा 'जयश्री'त आहे.

तुमच्यासाठी अक्षर म्हणजे एक कार्ड. वडिलांसाठी अक्षर म्हणजे एक खिळा. संगणकासाठी यातलं काहीच नाही. तो मराठी मजकूर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, क्रमांकांत साठवतो, आणि तिथे म ला एक क्रमांक, काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडायचं चिन्ह, म्हणजे हलन्त, तेही वेगळं. 'शुभेच्छा' तुम्ही तीन कार्डांत लावता : शु, भे, च्छा. संगणकाला तिथे आठ चिन्हं दिसतात : श, उकार, भ, मात्रा, च, हलन्त, छ, काना. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' हे तुमचं रोजचं तोरण बारा कार्डांचं. संगणकाच्या हिशेबी ती सत्तावीस चिन्हं, मधल्या मोकळ्या जागा सोडून.

आणि जोडाक्षरांना तर स्वतःचा क्रमांकच नाही. ज्ञ म्हणजे ज, हलन्त, ञ. क्ष म्हणजे क, हलन्त, ष. श्री म्हणजे श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. तुमच्या यादीत ज नव्हता, पण 'ज्ञानदा' किंवा 'प्रज्ञा'साठी केलेलं ज्ञ चं कार्ड असणार. प्रोग्रामने त्या ज्ञ च्या पोटातून ज काढला आणि जयश्रीला दिला. कातर घेऊन तुम्हाला तो काढता येईल का? त्याच न्यायाने तो 'षण्मुख'चा ष क्ष मधून काढेल, आणि डब्यात 'का' आणि 'म' असले तर का चा काना सोडवून 'मा' बनवेल. आमच्या छापखान्यात काही मात्रा खरोखरच सुट्या खिळ्यांत असत, तिथे हे थोडंफार चाललं असतं. तुमच्या पुठ्ठ्यावर नाही.

म्हणून भाच्याला म्हणावं, आधी मजकुराची कार्डं पाड, मग मोज. कार्ड पाडायचा नियम लहान आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग, चंद्र, नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) आणि हलन्त ही मंडळी एकटी उभी राहत नाहीत, आधीच्या अक्षराला चिकटतात. आणि आधीचं कार्ड हलन्तावर संपत असेल तर पुढचं व्यंजनही त्याच कार्डात घ्यायचं. च हलन्तावर संपला, म्हणून छ त्याच्याच कार्डात, मागून काना आला तोही तिथेच : च्छा. पंधरा ओळींत होतं. तयार लायब्ररीही, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले प्रोग्रामचे तुकडेही, मिळतात, पण जरा जपून. अक्षर कुठे तोडायचं याचा युनिकोडचा जो सर्वसाधारण नियम आहे, त्यात जोडाक्षर एकसंध ठेवायची तरतूद १५.१ या आवृत्तीत आली, म्हणजे २०२३ साली. त्याआधीच्या नियमावर चालणारी लायब्ररी च्छा चे 'च्' आणि 'छा' असे दोन तुकडे करते. भाच्याने आणलेली लायब्ररी कुठल्या काळातली आहे ते 'शुभेच्छा' देऊन बघावं. तीन आले तर ठेवा, चार आले तर स्वतःचा नियम लिहा.

एक गंमत जाता जाता. 'दि' लावताना वडील आधी वेलांटी उचलत, मग द, कारण वेलांटी डावीकडे बसते. संगणक आधी द साठवतो, मग वेलांटी, कारण आपण बोलतो तसं. रफाराचं उलट. 'हार्दिक'मध्ये रफार दि च्या डोक्यावर शेवटी चढतो, पण साठवताना र आधी. मी कीबोर्डवर आले तेव्हा पहिले दोन महिने माझे हात वडिलांचे होते. सगळ्या वेलांट्या आधीच्या अक्षराला जाऊन चिकटायच्या.

आता 'ॲड.'. हे मला तुमच्या पत्रात सगळ्यात ओळखीचं वाटलं. ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक आहे, ०९७२. तो आला २००८ साली. तोवर लोक अ लिहून त्यावर चंद्र ठेवत, आणि काही कीबोर्ड आजही तेच करतात. बऱ्याच पडद्यांवर दोन्ही सारखेच दिसतात. तुम्ही यादी एका फोनवर केली, वकीलबाईंच्या माणसाने मजकूर दुसऱ्या फोनवरून पाठवला. एकीकडे एक चिन्ह, दुसरीकडे दोन. तुमच्या हातातलं कार्ड दोन्हींना चालतं, कारण डोळे आकार बघतात.

दुसरी अशीच जागा म्हणजे तुमच्या स्वागताच्या तोरणातला 'नवऱ्या'. त्यातला र चा अर्धा, झुलता अवतार दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, खाली नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त देऊन : नवऱ्या. दुसरी, साध्या र ला हलन्त देऊन मागून एक अदृश्य जोडचिन्ह टाकून : नवर्‍या. या चिन्हाला प्रोग्रामर झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. रुंदी शून्य, शाई शून्य, पण क्रमांक आहे, आणि तुलना करताना तो मोजला जातो. हे चिन्ह सरसकट उडवून टाकलं तर चालेल असं भाच्याला वाटेल. नाही चालणार. ते उडालं की 'नवर्या' होतो, रफार चढतो. आचार्यांच्या सत्काराला 'आचाऱ्यांचा सत्कार' असं तोरण लागलं तर स्वयंपाकघरातून माणूस बाहेर येईल. म्हणून र, हलन्त आणि जोडचिन्ह हे त्रिकूट दिसलं की त्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचं, आणि अ वर चंद्र दिसला की त्या जागी ॲ. यादीलाही हा संस्कार करायचा, मजकुरालाही, आणि मगच तुलना. नॉर्मलायझेशन नावाचं तयार साधन असतं. ऱ हा अक्षर म्हणून आला काय नि र आणि नुक्ता असा सुटा आला काय, ते दोन्ही एक करून देतं. पण ॲ ची जोडी आणि जोडचिन्हवाला र त्याच्या कक्षेत येत नाहीत, ते हाताने करावं लागतं.

हे एवढं खात्रीने का सांगते? पुण्यात नोकरीला असताना एका कार्यालयाच्या अर्जासाठी नाव तपासायचा प्रोग्राम मी लिहिला होता. नावातलं प्रत्येक चिन्ह मान्य यादीत असलं पाहिजे, नसलं तर अर्ज परत. तुमच्या भाच्याचंच काम, फक्त डब्याऐवजी मान्य चिन्हांची यादी. मी पूर्ण देवनागरी घातली, ळ विसरले नाही, ऱ विसरले नाही, मला स्वतःचा फार अभिमान वाटला. दोन आठवड्यांनी निरोप आला की आमच्याकडे कुऱ्हाडे, गोऱ्हे आणि वऱ्हाडे आडनावाचं कुणीच अर्ज करेनासं झालंय. अर्ज करत होते बिचारे, पुन्हा पुन्हा. त्यांच्या संगणकावर र मागे जोडचिन्ह लागत होतं आणि माझ्या यादीत ते नव्हतं. 'अवैध अक्षर' असा लाल शेरा यायचा आणि कुठलं अक्षर ते दिसायचं नाही, कारण ते दिसणारं नव्हतंच. कंपोझिटरच्या मुलीने करायची चूक नव्हे ही.

दोन शब्द दिले की नाही म्हणतो, त्याचं कारण तुम्ही ओळखलं असेल. शब्दांमधली मोकळी जागा हेही संगणकाला एक चिन्ह, आणि ते तुमच्या डब्यात नाही. आमच्याकडे त्याचेही शिशाचे तुकडे असत, तेही संपत. तुमच्याकडे तिथे नुसती दोरी. म्हणजे मोजण्याआधी मोकळ्या जागा काढून टाकायच्या. पूर्णविराम, उद्गारचिन्ह यांची कार्डं असतील तर ठेवा, नसतील तर तीही काढा. मेसेजमधून मजकूर उचलला की मागे केक, फुगे, हात जोडलेलं चित्र असं काहीबाही येतं, तेही बघा.

यादी एका सलग ओळीत ठेवू नका. प्रत्येक कार्ड वेगळं, पुढे आकडा, वहीत लिहिता तसं. सलग ओळीत एखादं पाय मोडकं कार्ड आलं, समजा 'सम्यक्'मधलं क्, तर ते शेजारच्या ष ला चिकटून क्ष होऊन बसेल आणि तुम्ही घरभर क्ष शोधत बसाल.

एक गोष्ट प्रोग्रामला कळणार नाही ती तुम्हाला कळते. प च्या पोटात मार्करने तिरकी रेघ मारली की ष होतो. व च्या पोटात मारली की ब. म ला काना काढला की मा. अडचणीत ही पळवाट आहे, पण परत येता येत नाही. बारशाच्या गडबडीत चार व चे ब केलेत तर पुढच्या वाढदिवसाला 'वाढदिवस'च लागणार नाही, त्यात दोन व आहेत, म्हणजे एक 'वा' आणि एक 'व'.

दोरीत ओवलेल्या अक्षरांना प्रोग्रामर लोकही स्ट्रिंगच म्हणतात, हे भाच्याने तुम्हाला सांगितलंय का? त्यांच्या दोरीला भोकं पाडावी लागत नाहीत, एवढाच फरक.


प्रश्न : मॅडम, मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूत विचारलं की एका स्ट्रिंगमधली सगळी कॅरेक्टर दुसऱ्या स्ट्रिंगमध्ये आहेत का ते तपासा. मी दोन लूप लावून लिहिलं. उत्तर बरोबर आलं तरी समोरचे म्हणाले 'आणखी चांगलं करा'. मला सुचलं नाही. काय करायला हवं होतं?

उत्तर : लिहायच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा होता : नुसतं असणं पुरे, की जितक्या वेळा तितक्या वेळा? वरचं उत्तर वाचलंस तर कळेल का. हे दुसरं रूप तुमच्या पोरांच्यात 'रॅन्सम नोट' नावाने फिरतं, मासिकातून अक्षरं कापून खंडणीची चिठ्ठी चिकटवायची, एक अक्षर एकदाच कापता येतं. हा प्रश्न विचारणाऱ्या उमेदवाराकडे समोरचा माणूस मान वर करून बघतो. मी त्या खुर्चीत बसलेली आहे.

दोन लूप चुकीच्या नाहीत, महाग आहेत. दोन्ही स्ट्रिंग दहा-दहा हजारांच्या धरल्या तर वाईटात वाईट दहा कोटी तुलना. त्याऐवजी दुसऱ्या स्ट्रिंगवरून एकदाच हात फिरवून तिचा सेट, म्हणजे प्रत्येक अक्षर एकदाच ठेवणारा संच, केलास, किंवा मोजायचं असेल तर आकड्यांचा तक्ता, आणि मग पहिलीवरून एकदा गेलास, तर वीस हजार पावलांत काम. फक्त छोटी इंग्रजी अक्षरं असतील तर २६ खणांचा तक्ता पुरतो. नुसती हजेरी असेल तर २६ बिटांचा एक आकडाही पुरतो, प्रत्येक अक्षराला एक बिट. मग पहिल्याच्या आकड्यातला एखादा बिट दुसऱ्यात नसला की 'नाही'. देवनागरीचा युनिकोडमधला पट्टा १२८ जागांचा आहे, म्हणजे ६४ बिटांचे दोन आकडे. पण वरच्या बाईंचं जोडचिन्ह त्या पट्ट्याच्या बाहेर राहतं हे लक्षात ठेव. पायथनमध्ये मोजणीचे दोन काउंटर थेट 'लहान किंवा समान' या चिन्हाने तुलना करता येतात, ३.१० पासून, म्हणजे २०२१ पासून. जुन्या आवृत्तीवर हे चालणार नाही. एका काउंटरमधून दुसरा वजा करून काही उरतं का बघायचं.

मोजणीच्या रूपात आणखी एक फुकटची सोय आहे. मागणी डब्यापेक्षा लांब असेल तर आत बघायचीच गरज नाही. बारा कार्डांचं तोरण अकरा कार्डांच्या डब्यातून कुणालाच लावता येणार नाही. हजेरीच्या रूपात मात्र ही सोय लावलीस तर फसशील. तिथे 'ममममम' हे 'मका'मध्ये बसतं.

तीन गोष्टींवर पोरं घसरतात. पहिली दिशा. कुणातलं कुणात शोधायचं ते उलटं होतं आणि नमुन्याची दोन उदाहरणं योगायोगाने तरीही बरोबर येतात. दुसरी, पायथनमधला 'इन' हा शब्द अख्ख्या स्ट्रिंगला लावणं. तो सलग तुकडा शोधतो. 'रमा' हे 'मरा'मध्ये त्याला सापडायचं नाही, चिन्हं सगळी तीच असली तरी. तिसरी, रिकामी स्ट्रिंग. तिचं उत्तर 'हो' आहे. ज्याने काहीच मागितलं नाही त्याला रिकाम्या डब्यातूनही सगळं देता येतं. हे समोरच्याने विचारायच्या आधी तू बोललास तर बरं.


प्रश्न : मी फोंड्याचा, मराठीचा निवृत्त शिक्षक. इंग्रजीत टाइपरायटर शिकणाऱ्यांना सव्वीसही अक्षरं असलेलं कोल्ह्या-कुत्र्याचं वाक्य देत. तसं सगळी व्यंजनं असलेलं मराठी वाक्य करायचा माझा नाद आहे. प्रत्येक वेळी एखादं राहतं. संगणकाकडून तपासता येईल का? आणि आपण एखादं केलं आहे का?

उत्तर : गुरुजी, हे वरचंच काम आहे, फक्त बाजू बदललेल्या. आता वर्णमाला ही मागणी, आणि तुमचं वाक्य हा डबा. इथे मोजायची गरज नाही, हजेरीच हवी, म्हणजे इचलकरंजीच्या भाच्याचा मूळ प्रोग्राम तुम्हाला जसाच्या तसा चालेल. त्याला सांगते, वाया गेला नाही म्हणून.

कोल्ह्याचं वाक्य ३५ अक्षरांत २६ बसवतं. आपल्याकडे क पासून म पर्यंत २५, पुढे य, र, ल, व, श, ष, स, ह आणि ळ, अशी ३४ व्यंजनं. तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता मी एक जुळवलं :

ढगाळ दुपारी वाङ्मयाचा एक ज्ञानी अभ्यासक फाटकी छत्री नि झोळी घेऊन, ठेच लागली तरी, हरवलेला खडूचा डबा शोधत थेट षण्मुखाच्या देवळाशी पोहोचला.

अर्थाकडे फार बघू नका, कोल्हा तरी कुत्र्यावरून कशाला उडी मारेल. प्रोग्रामने हे तपासलं आणि चौतीसच्या चौतीस हजर म्हणाला. मी खूश होऊन भावाला फोनवर वाचून दाखवलं. तोही त्याच छापखान्यात वाढलेला. म्हणाला, "ज कुठाय?"

खरंच नाही. ज फक्त 'ज्ञानी'च्या आत आहे, हलन्ताच्या मागे, युनिकोडच्या पोटात. ज्या ज ने जयश्रीचा घोटाळा केला तोच. तुम्ही वर्गात फळ्यावर हे वाक्य लिहिलंत तर चौथीतलं मूलसुद्धा ज नाही म्हणेल आणि त्याचं बरोबर असेल. 'ढगाळ दुपारी'च्या आधी 'जूनमधल्या' घातलं की ज दिसायला लागतो, तेवढं करून घ्या. ङ वाङ्मयात निदान डोळ्यांना दिसतो. उरला ञ. तोही ज्ञ च्याच आत लपलेला, आणि त्याला बाहेर आणणारा रोजच्या मराठीतला शब्द मला सापडला नाही. 'चञ्चल' असं जुन्या वळणाने लिहिलं तर येतो, पण ते मला लबाडीचं वाटतं. तुम्हाला चालत असेल तर 'चञ्चल अभ्यासक' करा.

वडिलांच्या केसमध्ये ञ ला खण होता. त्यात ते सुट्टे पैसे ठेवत, चहाचे.